सोडलेला कागद

वसईजवळच्या तुळिंजमधल्या एका चित्रकला वर्गात पोरं एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांच्या तयारीला येतात. त्यांच्या स्थिरचित्रांशेजारी सरांनी जलरंगात काढलेली एक इंग्रजी बाग टांगली आहे. लांबून पाहिली तर उन्हातली पायवाट, लाकडी फाटक, हॉलीहॉकची उंच रांग. जवळ गेले तर फूल एकही नाही. गुलाबी-जांभळे ओघळ आणि मधेमधे कोरा कागद. हे कसं साधतं ते पाहायला मी सरांच्या शेजारी जाऊन बसले.

मास्किंग टेपनं कागद बोर्डावर बसला, पेन्सिलीच्या चार रेघा पडल्या. मग रुंद ब्रशनं पाणी फिरलं. "आता दहा मिनिटं आपली," सर म्हणाले. मे महिन्यात पंख्याखाली तेवढीही मिळत नाहीत. पावसाळ्यात वसईची दमट हवा कागद वाळू देत नाही. त्या दहा मिनिटांत सॅप ग्रीनमध्ये किंचित बर्न्ट सिएना मिसळून झाडोरा उतरला, कडा आपसूक फुटत गेल्या. मग गुलाबी थेंब पडला आणि सरांचा हात हवेतच थांबला. त्या थांबलेल्या हाताकडे माझं लक्ष पुन्हा पुन्हा जात होतं. थेंब किती पसरणार हे पाणी ठरवतं. थेंबाला कधी हात लावायचा नाही, हे कळायला वर्षं जातात. पांढरी फुलं तर त्यांनी रंगवलीच नाहीत. भोवती गडद हिरवा भरला आणि सोडलेल्या कागदाचीच फुलं झाली.

"सर, पूर्ण कधी करणार?" एका मुलीनं विचारलं. तिचा दोष नाही. जलरंग म्हटला की आपल्याला चित्रकार हळदणकरांची 'ग्लो ऑफ होप'मधली, हातात दिवा घेतलेली रेखीव स्त्री आठवते. ते थोरच काम. पण कोल्हापूरचे आबालाल रहिमान कोटितीर्थाचं पाणी बदलत्या उजेडात पुन्हा पुन्हा रंगवत होते, तीही आपलीच परंपरा. १८७४ साली पॅरिसमध्ये मोनेच्या सूर्योदयाच्या चित्रालाही टीकाकारांनी अपुरा म्हणून हिणवलं होतं. 'इम्प्रेशनिस्ट' हे नाव त्याच चित्राच्या शीर्षकावरून पडलं.

माझ्या मते सरांची बाग पूर्ण आहे. दहा मिनिटं संपल्यावर आणखी एक पाकळी काढली असती, तर ऊन मेलं असतं.

असं चित्र समोर आलं तर फुलं ओळखायची घाई करू नका. आधी ऊन कुठून येतंय ते शोधा, मग जवळ जाऊन कागद कुठे सोडलाय ते पाहा. मुलांनाही दाखवा.