बुडी मारणारे पक्षी : आहार व बालपण

आगाशी परिसरातील तळ्यांवर बुडी मारून मासे धरणारा पक्षी दिसला, की मुले त्यास सरसकट ‘बदक’ म्हणतात. वस्तुतः मत्स्यभक्षी बदक, मर्गान्सर, हिवाळ्यात हिमालयातील नद्यांवर आढळते. आपल्याकडील टिबुकली व पाणकावळा ही बदके नव्हेत. बदकाची पुढील तीनच बोटे पडद्याने जोडलेली असतात. पाणकावळ्याची चारही जोडलेली, तर टिबुकलीच्या प्रत्येक बोटास सुटी पाळी असते.

पाणकावळ्याचा मुख्य आहार मासे. त्याची पिसे भिजतात. म्हणून बाहेर आल्यावर तो पंख पसरून वाळवीत बसतो. टिबुकली जलकीटक, बेडकाची पिले, कोळंबी व लहान मासे खाते. ती स्वतःची पिसेही गिळते व पिलांना भरविते. माशांचे काटे आतड्यास इजा करू नयेत म्हणून ही योजना असावी, असे पक्षितज्ज्ञ मानतात.

दोघांचे बालपण मात्र अगदी भिन्न आहे. पाणकावळ्याची काटक्यांची घरटी झाडावर वसाहतीने असतात. पिले उघडी व दुबळी जन्मतात आणि आईबापांच्या घशात चोच घालून अर्धवट पचलेले मासे खातात. टिबुकलीचे घरटे पाणवनस्पतींचे असून पाण्यावर तरंगते. सुमारे तीन आठवड्यांनी अंडी फुटताच पिले पोहू शकतात. थकली की आईबापांच्या पाठीवर बसतात. मर्गान्सरची पिलेही झाडाच्या ढोलीतून एकदोन दिवसांतच खाली उडी घेतात व प्रथम कीटकांवर वाढतात.

येथे एक चूक कबूल करणे प्रस्तुत लेखकास आवश्यक वाटते. शिक्षक असताना एका पावसाळ्यात त्याने मुलांकडून तळ्यातील कुजके गवत काढविले. एका ढिगात चार अंडी निघाली. घरट्यावरून उठताना टिबुकली अंडी ओल्या पाल्याने झाकते, हे त्यास ठाऊक नव्हते. मुलांनी ढीग परत पाण्यात सोडला. पण पक्षी पुन्हा आला नाही. “गुरुजी, आता पिले होतील का?” या प्रश्नास उत्तर देता आले नाही.

म्हणून शिक्षकांनी पावसाळ्यात तळ्याची सफाई करविण्यापूर्वी काठावरून शांतपणे निरीक्षण करावे. पक्षी किती सेकंद बुडतो, वर येताना चोचीत काय असते, याची नोंद मुलांकडून ठेववावी. गणित व निसर्गपाठ दोन्ही साधतील, आणि घरटीही वाचतील.