जुन्या नाण्यांचं ग्रेडिंग करावं का? आधी कागदावर हिशोब मांडा



आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे बऱ्याच घरांत एक डबा असतोच. आजीच्या पेटीतला. त्यात राणीछाप कलदार, राजाछाप रुपये, भोकाचे पैसे, एखादं ढब्बू नाणं. तो डबा हातात आला की मनात पहिला विचार येतो, "हे विकून धंद्याला भांडवल उभं राहील का?" आणि मग कुणीतरी सांगतं, "अरे, ग्रेडिंग करून घे, दहापट भाव येईल."

येईल का? कधी येतो, कधी उलट खिशातले जातात. व्हिडिओत वेळेअभावी मी थोडक्यात बोललो होतो. इथे नीट समजून घेऊ.

ग्रेडिंग म्हणजे नेमकं काय?

तुमचं नाणं तज्ज्ञ कंपनीकडे जातं. ते असली आहे की नकली हे ती तपासते, झीज किती झाली ते बघते, १ ते ७० मध्ये गुण देते आणि नाणं प्लास्टिकच्या सीलबंद डबीत घालून परत पाठवते. या डबीला संग्राहक 'स्लॅब' म्हणतात. ही ७० गुणांची पद्धत अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडली. पीसीजीएस (१९८६) आणि एनजीसी (१९८७) या दोन अमेरिकन कंपन्यांनी ती जगभर नेली.

६० ते ७० म्हणजे न वापरलेलं, टाकसाळीतून आल्यासारखं नाणं. ५० ते ५८ म्हणजे अगदी थोडी झीज. त्याखाली झीज वाढत जाते. आणि नाणं घासलेलं, खरवडलेलं, डाग दिलेलं असेल तर आकडा न देता 'डिटेल्स' असा शेरा मारतात. हा शेरा आला की भाव बसला म्हणून समजा.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ग्रेडिंगने नाणं सुधारत नाही. जे आहे तेच ते सांगतं. अनोळखी ग्राहकाला भरवसा मिळतो आणि त्या भरवशाचे पैसे तुम्ही आधी मोजता. म्हणजे हा विक्रीचा खर्च आहे, पॅकिंग आणि वाहतुकीसारखा.

पायरी १: डब्यातली नाणी तीन ढिगांत वेगळी करा

पहिला ढीग, चांदीच्या भावाची नाणी. १८३५ ते १९३९ पर्यंतच्या ब्रिटिश रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. म्हणजे शुद्ध चांदी साधारण १०.७ ग्रॅम. १९४० पासून चांदी निम्मी झाली. १९४७ च्या रुपयावर मागे वाघ आहे, आपल्या ताडोब्याची आठवण यावी असा, पण तो निकेलचा. चांदी शून्य. चुंबक लावा, चिकटेल.

दुसरा ढीग, संग्राहकाच्या भावाची नाणी. इथे जुनं म्हणजे महाग हा समज सोडा. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर १८६२ हेच साल पुढची बरीच वर्षं छापलं गेलं, म्हणून ते भरपूर सापडतात. उलट १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया त्याहून कितीतरी नवा, तरी दुर्मिळ. १९११ च्या रुपयाचीही गोष्ट तशीच. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, सरकारने नाणी परत घेऊन बहुतेक वितळवली. जी उरली ती शोधली जातात.

तिसरा ढीग, अफवांची नाणी. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं, ७८६ ची नोट, ईस्ट इंडिया कंपनीचं रामदरबाराचं 'नाणं'. वैष्णोदेवीचं नाणं सरकारी आहे, पण चलनात भरपूर आलेलं. रामदरबाराचं नाणं कंपनीने कधी पाडलंच नाही. यांना लाखो रुपये देतो म्हणणारा आधी 'नोंदणी फी' मागतो. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला जाहीर सांगितलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक नसते आणि कुठलंही कमिशन मागत नाही. अशा माणसाला एक रुपयाही देऊ नका.

ग्रेडिंगचा विचार फक्त दुसऱ्या ढिगासाठी.

पायरी २: कायदा बघा

भारतात १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. १०० वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं या कायद्यात पुरावस्तू धरलं जातं आणि ते खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. सहा महिने ते तीन वर्षांची कैद आहे. म्हणजे राणीछाप रुपया कुरिअरने अमेरिकेला पाठवण्याचा विषयच संपला. एजंट म्हणाला, "मी करतो सगळं," तर एकच विचारा: नाणं देशाबाहेर जाणार आहे का? उत्तर लेखी घ्या. अशा नाण्यांची खरेदी-विक्री धंदा म्हणून करायची तर पुरातत्त्व खात्याचा परवानाही लागतो.

आणि शेत नांगरताना, घराचा पाया खणताना नाणी सापडली तर? १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. आपल्या भागात हे नवीन नाही. जुन्या चांदा जिल्ह्यात सापडलेला सातवाहन नाण्यांचा साठा नाणेशास्त्राच्या पुस्तकांत 'चांदा होर्ड' म्हणूनच ओळखला जातो. सराफाच्या मुशीत गेला असता तर तो इतिहास कुणाला कळला नसता.

पायरी ३: स्वतःच्या डोळ्याने अंदाज घ्या

दहापट भिंग आणि एक टेबललॅम्प पुरे. नाणं काठाला धरा. उंच भाग बघा: गालाचं हाड, कानाजवळचे केस, मुकुटावरचे मणी. ते सपाट झाले असतील तर झीज आहे. मग नाणं दिव्याखाली हळू फिरवा. न वापरलेल्या नाण्यावर उजेडाचा पट्टा चाकाच्या आरीसारखा फिरतो. घासलेलं नाणं सगळीकडे सारखंच चमकतं आणि बारीक समांतर ओरखडे दिसतात.

आपल्या घरांत अडचण हीच आहे. दर लक्ष्मीपूजनाला हे रुपये चिंच, राख, नाहीतर भांड्याच्या पावडरीने घासून पाटावर मांडतात. रुपयांच्या माळेतल्या नाण्यांना तर कडी डागलेली असते. अशी नाणी 'डिटेल्स'मध्येच जाणार. त्यांचं ग्रेडिंग नको. ती माळ माळ म्हणूनच मोलाची आहे.

पायरी ४: आता गणित

खालचे आकडे फक्त समजण्यासाठी धरले आहेत. तुमचे खरे आकडे तुम्ही भरा.

समजा १९३८ चा रुपया आहे. तसाच विकला तर ४,००० रुपये. ग्रेडिंगचा एकूण खर्च, म्हणजे फी, दोन्हीकडचं कुरिअर, विमा आणि कर धरून, ४,०००. चांगला ग्रेड आला तर विक्री १५,०००, मधला आला तर ५,०००, 'डिटेल्स' आला तर ३,५००.

तुमच्याकडे अशी चार नाणी आहेत. एकाला चांगला, दोघांना मधला, एकाला 'डिटेल्स' मिळाला. विक्री झाली २८,५००. खर्च १६,००० वजा केला, उरले १२,५००. आणि चारही तशीच विकली असती तर? १६,०००. म्हणजे एका नाण्याला १५,००० मिळूनही ३,५०० चा तोटा!

आता तीच चार नाणी, पण दोघांना चांगला ग्रेड, एकाला मधला, एकाला 'डिटेल्स'. विक्री ३८,५००, खर्च जाऊन २२,५००. म्हणजे ६,५०० जास्त.

फरक कशाने पडला? फी तीच, कंपनी तीच. फरक पडला पाठवायची नाणी निवडण्याने. म्हणून पायरी ३ जमत नसेल तर पायरी ४ वर येऊच नका. नागपूर, पुणे, मुंबईला नाण्यांची प्रदर्शनं भरतात. तिथे जाऊन ग्रेड झालेली शंभर नाणी नुसती बघा. दोन-तीन वेगवेगळ्या व्यापाऱ्यांना आपलं नाणं दाखवा, पण त्याच दिवशी विकू नका. भाव बघताना विक्रेत्याने मागितलेला आकडा धरू नका. लिलावात प्रत्यक्षात मिळालेला भाव धरा.

आणि एक, वेळ. पैसे पुढच्या महिन्यात दुकानाच्या डिपॉझिटला हवे असतील तर महिनोन्महिने अडकणारं नाणं तुमच्या कामाचं नाही.

हे गणित फक्त नाण्यांचं नाही

तुम्ही जंगलातला मध विकता, मोहाचे लाडू करता, हातसडीचा तांदूळ पॅक करता. खाद्यपदार्थाला एफएसएसएआय नोंदणी कायद्याने लागतेच, तिथे हिशोब करत बसायचं नाही. पण सेंद्रिय प्रमाणपत्र, महागडी लॅब टेस्ट, पुरस्काराचा शिक्का, असं ऐच्छिक काही कुणी विकायला आलं की हेच तीन प्रश्न विचारा. शिक्क्यामुळे माझा ग्राहक किती जास्त देईल? शिक्का मिळायची खरी शक्यता किती? आणि सगळा खर्च धरून उरतं किती? आठवडी बाजारातला ओळखीचा ग्राहक तुमच्या तोंडावर विश्वास ठेवून घेतो. शिक्का लागतो तो पुण्या-मुंबईच्या अनोळखी ग्राहकाला.

आज रात्री एवढंच करा. डबा काढा, नाणी घासू नका, एका वहीत साल, राजा, वजन आणि ढीग क्रमांक लिहा. मऊ पीव्हीसीच्या पाकिटाऐवजी कागदी पाकिटात ठेवा, आपल्याकडच्या पावसाळ्यासाठी सोबत सिलिका जेलची पुडी टाका. बहुतेक डब्यांत ग्रेडिंगला पाठवण्यासारखं एकही नाणं निघणार नाही. निघालं, तर निदान कुठलं ते तुम्हाला आधीच माहीत असेल.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, हिशोबाने करा!