दवाखान्याची परीक्षा

परीक्षा हा शब्द आमच्या विद्यार्थ्यांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. परंतु अंगांत ताप भरला म्हणजे आपण ज्या दवाखान्याची पायरी चढतों, त्या दवाखान्याचीहि परीक्षा होत असते, तिला प्रश्न असतात, गुण असतात, आणि उत्तीर्ण होण्यास किमान गुणांची अट असते, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. ही परीक्षा कशी घेतात व तिचा उपयोग काय, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

माहुरास या गोष्टीचें महत्त्व विशेष आहे. हा मुलूख डोंगराचा व रानाचा. गोंडांचे गुडे, कोलामांचे पोड आणि बंजाऱ्यांचे तांडे दूरदूर विखुरलेले. जिल्ह्याचें ठिकाण नांदेड येथून सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास. त्यांत नवरात्रांत रेणुकादेवीच्या दर्शनास व मार्गशीर्षांत दत्तजयंतीस लोटणारा जनसमुदाय. शहरांतील मनुष्यास एक दवाखाना पसंत न पडला तर दुसरा असतो. येथील रोग्यास जवळ असेल तोच दवाखाना आधार. तेव्हां तो चांगला असणें हा येथें केवळ सोयीचा नव्हे, तर जिवाचा प्रश्न आहे.

दवाखान्यांतील लहानशा हयगयीनें केवढा अनर्थ होतो, याचें उदाहरण वैद्यकाच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. व्हिएन्ना शहराच्या एका प्रसूतिगृहांत १८४७ च्या एप्रिलांत शेंकडा अठरांहून अधिक बाळंतिणी दगावल्या. विद्यार्थी व डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींकडे येतात, हें सेमेलवाइस नांवाच्या डॉक्टरानें हेरलें, आणि मे महिन्यापासून क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याचा नियम घातला. जून महिन्यांत मृत्यूचें प्रमाण शेंकडा सुमारें दोनवर आलें. औषध नवें नव्हतें, इमारत नवी नव्हती. केवळ हात स्वच्छ झाले होते. तरी पुष्कळ डॉक्टरांस या सूचनेचा रागच आला. आपलें काम कोणी तपासावें हें मनुष्यास सहसा रुचत नाहीं.

आपल्या देशांत १९४६ सालीं भोर समितीनें प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना मांडली, आणि १९५२ पासून तीं उघडूं लागलीं. डोंगराळ व आदिवासी भागांत वीस हजार वस्तीमागें एक केंद्र असावें, असें मानण्यांत येतें. पुष्कळ वर्षें केंद्रें किती, खाटा किती, एवढीच मोजदाद होत असे. तेथें मिळणारी सेवा कशी, हें मोजण्यासाठीं केंद्र सरकारनें २०१३ मध्यें राष्ट्रीय गुणवत्ता मानकें ठरविलीं, आणि २०१५ मध्यें स्वच्छतेसाठीं ‘कायाकल्प’ नांवाची पारितोषिक योजना काढिली.

आतां परीक्षेची रीत पाहूं. निरीक्षक चार मार्गांनीं माहिती मिळवितो: स्वतः पाहतो, कर्मचाऱ्यांस विचारतो, नोंदवह्या चाळतो आणि रोग्यांशीं बोलतो. प्रत्येक बाबीस शून्य, एक किंवा दोन गुण. गोष्ट मुळींच नसेल तर शून्य, अर्धवट असेल तर एक, पूर्ण असेल तर दोन. राष्ट्रीय प्रमाणपत्रास एकंदर शेंकडा सत्तर गुण तरी लागतात, आणि तें प्रमाणपत्र तीन वर्षांपुरतेंच असतें.

उदाहरणार्थ, लसींचें शीतकपाट घ्या. लस दोन ते आठ अंश सेल्सिअस उष्णतेंत ठेवावी लागते. कपाट आहे, एवढ्यानें पूर्ण गुण मिळत नाहींत. उष्णतामापक आंत आहे काय, दिवसांतून दोन वेळां आंकडा लिहिला जातो काय, वीज गेल्यास काय करावें हें परिचारिकेस ठाऊक आहे काय, हेंहि पाहतात. तीच गोष्ट सर्पदंशाच्या औषधाची. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारहि सर्पांच्या विषावर चालणारें तें औषध कपाटांत असून मुदत टळलेली असेल, किंवा रात्रीं किल्ली कोणापाशीं असते हें कोणासच ठाऊक नसेल, तर रोग्याच्या दृष्टीनें तें नसल्यासारखेंच.

परीक्षेचा खरा उपयोग मात्र गुणपत्रिका हातीं पडल्यावर सुरू होतो. समजा, उपकरणें निर्जंतुक केल्याची नोंद पंधरा दिवस कोरी आढळली. परिचारिकेस दोष देणें सोपें आहे. परंतु कारण शोधितां असें कळूं शकेल कीं सकाळीं वीज नसते, आणि दुपारीं ती लसीकरणास गांवांत गेलेली असते. मग उपाय रागें भरणें हा नव्हे, वेळ बदलणें हा होय. उपाय योजावा, करून पाहावा, पुन्हां तपासावा, आणि गुण आला तर तोच नियम करावा. असें हें चक्र सतत चालवावें लागतें. शाळेंत चुकलेलें गणित पुन्हां सोडविण्याहून हें निराळें नाहीं.

खासगी रुग्णालयांविषयींहि नियम आहेत. महाराष्ट्रांत खाटा असलेल्या खासगी रुग्णालयांनीं रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागीं लावावें, असें २०२१ च्या नियमांत सांगितलें आहे. इंग्लंडांत २००९ पासून एक स्वतंत्र आयोग आरोग्यसेवेची तपासणी करितो. गल्लींतल्या डॉक्टरांचे दवाखानेहि त्यांतून सुटत नाहींत, आणि अहवाल सर्वांस वाचावयास मिळतो.

या पद्धतीस मर्यादाहि आहेत. निरीक्षक येणार म्हणून आदल्या दिवशीं भिंतींस रंग दिला, तर गुण वाढतील, रोग्याचें दुःख उणें होणार नाहीं. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभीं नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत २४ तासांत २४ रोगी मरण पावले. त्यांत १२ नवजात बालकें होतीं. मुंबई उच्च न्यायालयानें आपण होऊन त्याची दखल घेतली. जेथें माणसें, औषधें व पैसा अपुरा पडतो, तेथें तपासणी उणीव दाखवील, पण ती भरून काढणें शासनाचें व समाजाचें काम आहे.

म्हणून आमचें सांगणें एवढेंच कीं, दवाखान्याचा पहिला निरीक्षक रोगी स्वतःच होय. सुई नव्या पाकिटांतून काढली काय, औषधाची मुदत कोणती, गोळी केव्हां व किती दिवस घ्यावयाची, हें नम्रपणें विचारण्यांत डॉक्टरांचा अपमान नाहीं. ज्या घरीं वडील मंडळीस वाचतां येत नाहीं, तेथें बाटलीवरील तारीख वाचून दाखविणें हें शाळेंत जाणाऱ्या मुलामुलींचें काम आहे. शासकीय दवाखान्यांत रुग्ण कल्याण समिती असते. उणीव दिसली तर तिच्या कानीं घालावी, आणि सेवा चांगली मिळाली तर तेंहि आवर्जून सांगावें. प्रश्न विचारणारे रोगी असले, म्हणजे निरीक्षक न येणाऱ्या दिवशींहि दवाखाना परीक्षेस बसलेलाच राहील.