ज्यूदो व कुस्तीपटूंमधील डोक्याचा कवकसंसर्ग : लक्षणरहित वाहकांचा प्रश्न

ज्यूदो व कुस्ती या क्रीडाप्रकारांत अंगलट अपरिहार्य असते. डोके, मान व बाहू परस्परांवर घासले जाऊन त्वचेवर सूक्ष्म ओरखडे उमटतात आणि कवकास प्रवेश मिळतो. ‘ट्रायकोफायटॉन टॉन्सुरान्स’ हे माणसाकडून माणसाकडे पसरणारे कवक याच मार्गाने फैलावते. जपानमध्ये सन २००० नंतर शालेय व विद्यापीठीय संघांत त्याचा मोठा प्रादुर्भाव आढळला.

मान वा चेहऱ्यावरील गजकर्ण सहज दिसते. डोक्यावरचे तसे नाही. हे कवक केसाच्या आत वाढते. केस त्वचेलगत तुटून काळे ठिपके दिसतात, तर कित्येकदा केवळ कोंडा पडतो. केस विरळ झाल्यास त्यास चाई समजण्याची चूकही होते. काहींमध्ये तर कोणतेच लक्षण नसते. असा वाहक निरोगी मानला जाऊन नित्य सराव करतो आणि बऱ्या झालेल्या सहकाऱ्यांना पुन्हा बाधित करतो. अतिनील प्रकाशाच्या वुड दिव्याखाली हे कवक चकाकत नसल्याने त्या तपासणीचाही येथे उपयोग नाही.

यावर जपानमध्ये ब्रश-चाचणी रूढ झाली. निर्जंतुक ब्रश डोक्यावर घासून संवर्धन-माध्यमावर दाबतात व उगवलेल्या वसाहती मोजतात. चाचणी स्वस्त आहे. मात्र ती संपूर्ण संघाची करावी लागते, केवळ तक्रार करणाऱ्यांची नव्हे.

मलम केसाच्या मुळापर्यंत पोहोचत नाही. म्हणून टर्बिनाफिन, इट्राकोनॅझोल यांसारखी औषधे वैद्यकीय देखरेखीखाली पोटात घ्यावी लागतात. कवकनाशक शाम्पू पूरक ठरतो. अमेरिकेतील महाविद्यालयीन कुस्तीच्या नियमांत डोक्यावरील संसर्गासाठी किमान दोन आठवड्यांच्या अशा उपचारांची अट आहे. सराव बंद होण्याच्या भीतीने खेळाडू आजार लपवण्याचा संभव अशा नियमामुळे वाढतो, हे प्रशिक्षकांनी ध्यानी घ्यावयास हवे.

महाराष्ट्रातील कुस्ती माती व गादी अशा दोन्हींवर चालते. आखाड्याच्या मातीत हळद, ताक, तेल मिसळण्याची परंपरा आहे व तिच्यावर मल्लांची श्रद्धाही मोठी. तथापि संसर्ग प्रामुख्याने अंगाला अंग लागून होत असल्याने केवळ मातीवर विसंबणे योग्य नव्हे. तालमीत एकत्र राहणाऱ्या मल्लांचे टॉवेल, कंगवे व वस्तरे स्वतंत्र असावेत, आणि एकास बाधा दिसताच सर्वांची तपासणी होऊन बाधितांचे उपचार एकाच वेळी सुरू व्हावेत.