खाली, खाली, वर!

खारबाव स्थानकातून वसई-दिवा मार्गावरील मालगाड्या रात्रीबेरात्री धडधडत जातात. त्या आवाजाला आमची वस्ती सरावली आहे. पण गेल्या पावसाळ्यात त्यात आणखी एक आवाज मिसळला आणि वस्तीची झोप उडाली. आमचा पुतण्या भिवंडीच्या एका गोदामात बारा तास माल उचलतो. पगारातून पैसे साठवून त्याने जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि रोज रात्री एकाच तारेवर सुरू केले, 'डं-डग, डं-डग, डं-डग'. म्हणे, हेवी मेटलमधली घोड्याची टाप!

शेजारी तक्रार घेऊन आले. आम्हीही त्याला फैलावर घेतले. "गोऱ्यांचे हे थेर आपल्याला कशाला? वामनदादांची गाणी आहेत, ढोलकी आहे, पेटी आहे. ती शीक." तो शांतपणे म्हणाला, "काका, पेटी तरी आपली कुठे होती?"

आम्ही निरुत्तर झालो. पेटी युरोपातूनच आली. परकी म्हणून आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षे तिला दार बंद केले होते. पण आमच्या गायकांनी तिच्यावरच गावोगाव भीमगीते गायली. ज्या व्यवस्थेने हलगी आमच्या गळ्यात अडकवली आणि वीणा दुसऱ्याच्या मांडीवर ठेवली, तिचाच न्याय आम्ही आपल्या घरात चालवत होतो!

आणि हे संगीत तरी कोणाचे? इंग्लंडमधील बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर. तेथे टोनी आयोमी नावाचा तरुण पत्र्याच्या कारखान्यात काम करीत होता. १९६५ साली यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके कापली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, वर चामडे चिकटवले आणि तारा सैल करून वाजवू लागला. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडपासून हेवी मेटल सुरू झाले, असे मानतात. म्हणजे हे कामगाराच्या जखमेतून आलेले संगीत. भिवंडीच्या यंत्रमागावर बोटे गमावणाऱ्याला ते परके कसे?

पुढे आयर्न मेडन या लंडनच्या बँडने घोड्याची ही टाप जगभर नेली. त्यांचे १९८२ चे 'रन टू द हिल्स' हे गाणे याच चालीवर धावते. त्याचा विषय काय? तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांना गोऱ्यांनी कसे मारले, कसे हुसकावले! जमिनीवरून हुसकावलेल्यांची व्यथा आम्हाला वेगळी समजावून सांगायला नको.

आता ही टाप वाजते कशी? पुतण्याने आम्हाला समोर बसवून दाखवले. एका मात्रेचे चार भाग करायचे. पहिल्या दोन भागांत एकच ठोका, उरलेल्या दोनांत एकेक. हाताची चाल खाली, खाली, वर. तळहाताची कड तारांच्या बुडाशी, ब्रिजजवळ हलकी टेकवायची, म्हणजे आवाज दबका आणि ठसठशीत येतो. जोर मनगटातून, कोपर ताठले की हात भरून येतो आणि दोन लहान ठोके एकमेकांत मिसळतात. सुरुवात मेट्रोनोमवर मिनिटाला साठ मात्रांनी. ठोके स्वच्छ आले तरच पाचने वाढवायचे. चुकले की पुन्हा मागे. ते गाणे वाजवायचे तर पुष्कळ पुढे जायचे आहे. दीड महिन्यात तो नव्वदवर आला आहे.

यात कुठे आले घराणे, कुठे आली जन्मजात प्रतिभा? 'कला रक्तातच असावी लागते' म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन त्याच्या बोटांवरचे घट्टे पाहावेत.

आम्ही वस्तीसमोर चूक कबूल केली. समाजमंदिराची खोली आता रोज रात्री दहापर्यंत त्याच्यासाठी उघडी असते. परवा ढोलकी घेऊन एक पोरगा त्याच्या शेजारी जाऊन बसला. दोघांचा ताल अजून जुळत नाही. पण साठ मात्रांवर त्यांनी सुरुवात केली आहे.