भिंतीपलीकडचा उजेड

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी थोडं कच्चं आहे. सांभाळून घ्या.

रूममधला लाइट घालवून भिंतीवर टॉर्च मारला तर शेजारच्या रूममध्ये उजेड पडेल का? रूममेटला विचारलं तर म्हणाला, "येडा झालास का?" पण जर्मनीत हॅम्बुर्गच्या 'डेझी' या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञांनी जवळपास हाच प्रयोग केला आहे!

प्रकाश फोटॉन नावाच्या कणांचा असतो, हे आपण सगळे शिकलोय. १९८२ मध्ये ओकुन आणि १९८६ मध्ये होल्डम या शास्त्रज्ञांच्या लेखांतून एक भन्नाट कल्पना पुढे आली. या फोटॉनला एक छुपा भाऊ असू शकतो, 'हिडन फोटॉन'. फोटॉनला वस्तुमान नसतं, याला थोडंसं असू शकतं. शिवाय हा कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, त्यामुळे भिंत त्याला अडवूच शकत नाही. गणित सांगतं, की साधा फोटॉन क्वचित हिडन फोटॉन होऊ शकतो आणि पुन्हा साधाही होऊ शकतो. विश्वातलं सुमारे ८५ टक्के द्रव्य आपल्याला दिसत नाही. ते कशाचं बनलंय, या प्रश्नाच्या संभाव्य उत्तरांत हिडन फोटॉनचंही नाव आहे.

'आल्प्स' नावाच्या या प्रयोगात एका बाजूला लेसर, मध्ये भिंत आणि पलीकडे अतिशय संवेदनशील कॅमेरा होता. समोरासमोरच्या आरशांत खेळवून लेसरची शक्ती वाढवली होती. २०१० मध्ये निकाल आला : पलीकडे काहीच दिसलं नाही.

"मग फुकट गेलं सगळं!" इति रूममेट.

मलाही आधी तसंच वाटलं. पण त्यांनी तेच 'काही नाही' नीट मोजून छापलं. हिडन फोटॉन असलाच तर त्याचा फोटॉनशी संबंध जास्तीत जास्त किती असू शकतो, याची मर्यादा त्यातून कळली. पुढे २०२३ मध्ये सुमारे २५० मीटर लांबीचा 'आल्प्स २' सुरू झाला.

आणि मी? फर्स्ट इयरला सोडियमची वेव्हलेंग्थ ५८९३ अँगस्ट्रॉम येईना, म्हणून उलटं गणित करून रीडिंग्ज लिहिली. मार्क पैकीच्या पैकी! आज ते जर्नल बघवत नाही.

पुढच्या प्रॅक्टिकलला जे येईल तेच लिहिणार. सर, मार्कांचं तेवढं बघा हं!