‘परम’ची शिकवण

श्रीरामपूरचा शेतकरी पेरणीपूर्वी पावसाचा अंदाज विचारतो. तो अंदाज बांधण्यासाठी प्रचंड आकडेमोड करावी लागते. हे काम महासंगणक करतो. १९८० नंतरच्या दशकात असे यंत्र परदेशातून सहज मिळत नव्हते.

म्हणून १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख होते. मुदत होती तीन वर्षांची. १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला.

हे कसे जमले? त्यांनी अनेक लहान प्रोसेसर एकत्र जोडले. हे प्रोसेसर ब्रिटनच्या कंपनीचे होते. जे विकत मिळते, ते बनवण्यात वेळ घालवला नाही. त्या सर्वांकडून मिळून काम करून घेणारी रचना मात्र पुण्यात तयार झाली.

आता गंमत पाहा. अशा यंत्रात एका प्रोसेसरचे काम रखडले, तर बाकीच्यांना थांबावे लागते. माणसांचेही तसेच असते. म्हणून प्रमुखाने कामाचे भाग पाडावेत आणि प्रत्येकाला त्याचा भाग व तारीख सांगावी. ज्याचे काम अडले, त्याच्यावर रागावू नये. त्याला मदत द्यावी. नाहीतर तो अडचण लपवतो आणि ती शेवटच्या दिवशी कळते.

तुमच्या वर्गाचे हस्तलिखित काढायचे आहे ना? मग पहिल्याच दिवशी तीन प्रश्न विचारा : काय करायचे? कोणी करायचे? केव्हापर्यंत? आणि रोज चौथा प्रश्न विचारा : कोणाचे काम कोठे अडले आहे?